बोक्याची साखर आणि लाल टोपीची सिरिंज

नमस्कार. आमचा बोका मन्या नऊ वर्षांचा. नसबंदी झालेली आहे, घरातच असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून तो पाणी फार प्यायला लागला. लिटर बॉक्स दिवसातून दोनदा बदलावा लागायचा. खाणं भरपूर, तरी साडेसात किलोंचा सहावर आला. दवाखान्यात साखर 410 निघाली, लघवीतही साखर होती. डॉक्टरांनी ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ 1 युनिट सुरू केलं. तीन आठवड्यांनी दवाखान्यात तपासलं तर साखर 370, म्हणून 2 युनिट केलं. यजमानांनाही इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे लाल टोपीच्या सिरिंज घरातच होत्या आणि टोचायची मला सवय आहे. त्याच आठवड्यात मन्याचं कोरडं खाणं बंद करून पाऊच सुरू केले. चौथ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास तो लटपटत स्वयंपाकघरात आला, भिंतीला धडकला आणि आडवा पडून झटके द्यायला लागला. मी चमच्याने दूध घालून पाहिलं. मग रिक्षाने दवाखान्यात नेलं, तिथे शिरेतून ग्लुकोज दिलं आणि तो वाचला. दोन दिवसांनी 1 युनिटने पुन्हा सुरू करा असं सांगितलंय, पण माझा हात धजत नाही. आज सहा दिवस झाले, इंजेक्शन बंद आहे आणि पाणी पिणं पुन्हा वाढलंय. गोळ्यांवर किंवा कारल्याच्या रसावर भागणार नाही का? आणि गणपतीला आम्ही आठ दिवस गावी जातो, तेव्हा याचं काय करायचं?
एक वाचक, डोंबिवली

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी डॉक्टरांना फोन करा आणि मन्याला आजच दाखवून आणा. सहा दिवस इन्सुलिन नाही आणि पाणी पिणं वाढलंय, म्हणजे साखर पुन्हा चढलेली असणार. त्यातच तो खायचा थांबला, उलट्या व्हायला लागल्या, मलूल होऊन एका कोपऱ्यात बसून राहिला, तर रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढल्याची शक्यता असते आणि त्या अवस्थेत मांजर दोन-तीन दिवसांत दगावू शकतं. यातलं काही दिसत असेल तर उद्याची वाट पाहू नका.

जाताना पिशवीत तीन गोष्टी न्या: इन्सुलिनची कुपी, तुम्ही वापरता ती सिरिंज आणि पाऊचचं रिकामं पाकीट. तुमच्या पत्रात कंसात टाकावा तसा एक तपशील आलाय, लाल टोपीच्या सिरिंजचा. माझ्या मते त्या दुपारचं मुख्य कारण तिथेच आहे.

आपल्याकडे माणसांचं नेहमीचं इन्सुलिन बऱ्याचदा 40 युनिटच्या ताकदीचं मिळतं, म्हणजे 1 मिलीत 40 युनिट. त्याच्या सिरिंजला लाल टोपी असते. ग्लार्जिन 1 मिलीत 100 युनिट असं येतं आणि त्याच्या सिरिंजला नारिंगी टोपी असते. कुपीवर हा आकडा छापलेला असतो, बघून घ्या. आता लाल टोपीच्या सिरिंजवर 1 च्या रेघेपर्यंत औषध भरलं, तर आत 1 मिलीचा चाळिसावा भाग येतो, म्हणजे 0.025 मिली. 40 च्या इन्सुलिनसाठी ते बरोबर 1 युनिट. 100 च्या इन्सुलिनसाठी मात्र तेवढ्याच जागेत अडीच युनिट बसतात. म्हणजे तुम्ही 1 समजून देत होता तेव्हा मन्याला अडीच युनिट जात होतं, आणि डोस 2 वर नेला त्या दिवसापासून पाच. सहा किलोंच्या बोक्याला एका वेळी पाच युनिट फार होतात. साधारण 1 युनिटपासूनच सुरुवात करायची आणि सुरुवातीचा डोस 2 च्या वर न्यायचा नाही, असं पशुवैद्यक सहसा पाळतात.

तुमच्या यजमानांच्या कुपीवर 40 लिहिलं असेल तर त्यांच्यासाठी त्या सिरिंज अगदी योग्य आहेत, त्यांचं काही बदलू नका. फक्त मन्याच्या सिरिंज वेगळ्या डब्यात, वेगळ्या खणात ठेवा आणि डब्यावर त्याचं नाव घाला. नारिंगी टोपीतही 0.3 मिलीची, 30 युनिटपर्यंतची छोटी सिरिंज मागा. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर फारच चांगलं, कारण मांजरात अर्ध्या युनिटनेही फरक पडतो. 1 मिलीच्या सिरिंजवर 1 युनिट डोळ्यांनी नीट मोजता येत नाही. काही जण डोस मोजायला सोपा जावा म्हणून इन्सुलिनमध्ये पाणी मिसळतात. ग्लार्जिनमध्ये काहीही मिसळायचं नाही. ते आम्लधर्मी द्रावण असतं, म्हणूनच त्वचेखाली हळूहळू काम करतं. पातळ केलं की तो गुणच जातो.

यात स्वतःला बोल लावू नका. दोन ताकदीची इन्सुलिनं आणि दोन रंगांच्या टोप्या हा घोटाळा माणसांच्या बाबतीतही होतो, आणि कुपी हातात देतानाच कुणीतरी ते सांगायला हवं होतं. पण डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा: "मी 1 देत होते तेव्हा अडीच जात होतं, 2 देत होते तेव्हा पाच." त्यांच्या कागदावर आजपर्यंतचे सगळे आकडे चुकीचे आहेत. पुढचा डोस ते त्यावरूनच ठरवणार, म्हणून आधी ते दुरुस्त व्हायला हवेत. नवा डोस किती, हे मी इथे लिहिणार नाही. मन्याला हाताळून, आजची साखर बघून तेच ठरवतील.

आता खाण्याबद्दल. कोरडं बंद करून पाऊच सुरू करणं हा निर्णय मुळात चांगला आहे. मांजर पक्कं मांसाहारी. त्याचं यकृत प्रथिनांपासून साखर तयार करत राहतं आणि पिष्टमय अन्नातून एकदम आलेली साखर त्याला आपल्यासारखी हाताळता येत नाही. कोरड्या दाण्यांत पीठ बरंच असतं, दूध-पोळी आणि दूध-भातात तर त्याहून जास्त. ते कमी झालं की साखर उतरते, कधी कधी काही दिवसांतच. म्हणूनच इन्सुलिन चालू असताना खाणं बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं आणि डोस कमी करायचा का ते विचारायचं. तुमच्याकडे झालं असं, की ज्या आठवड्यात इन्सुलिन दुपटीवर गेलं, त्याच आठवड्यात त्याची गरज घटली.

370 च्या आकड्याबद्दलही थोडं. नुसत्या भीतीने मांजराची साखर 300 च्या वर जाऊ शकते. पिंजरा, रिक्षा, बाकड्यावर बसलेला कुत्रा, अनोळखी हात, एवढं त्याला पुरतं. मन्याला मधुमेह आहे याबद्दल मला शंका नाही. लघवीत साखर, पाणी जास्त, वजन दीड किलो कमी, हे सगळं एकत्र आहे. पण दवाखान्यातल्या एका आकड्यावरून डोस वाढवणं मांजराच्या बाबतीत धोक्याचं. यासाठी फ्रुक्टोसामाईन नावाची रक्ततपासणी असते. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांतली साधारण पातळी सांगते आणि त्या दिवशीच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. ती करता येईल का, विचारा.

सगळ्यात खरा आकडा मात्र घरी मिळतो, सोफ्यावर लोळत असताना. घरात यजमानांचं ग्लुकोमीटर असेलच. माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात बहुधा प्रत्यक्षापेक्षा थोडं कमी दाखवतं, पण चढ-उतार समजायला आणि धोका ओळखायला ते पुरतं. प्राण्यांसाठी वेगळी मीटरंही असतात, मिळालं तर तेच घ्या. रक्त कानाच्या कडेवरून घ्यायचं. कान उजेडासमोर धरला की कडेलगत एक बारीक शीर दिसते. शिरेत टोचायचं नाही, शीर आणि कड यांच्या मधल्या पट्टीत टोचायचं. त्याआधी कोमट पाण्यात पिळलेला कापूस मिनिटभर कानाला लावून धरा. थंड कानातून थेंब येत नाही आणि मग आपण उगाच तीन-तीनदा टोचतो. त्यानंतर कान नीट कोरडा करा, नाहीतर ओल्या जागी थेंब पातळ होतो. टोचायच्या जागी व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवा, म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब उभा राहतो आणि पट्टी टेकवली की खेचला जातो. कानाच्या मागे कापसाचा बोळा धरा, सुई तुमच्या बोटात जाणार नाही. झालं की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आठवडाभरात बहुतेक मांजरं त्या तुकड्यासाठी आपणहून येऊन बसतात.

डॉक्टर अधूनमधून दिवसभराची नोंद मागतील: सकाळच्या इंजेक्शनआधी एकदा, मग दर दोन तासांनी संध्याकाळच्या इंजेक्शनपर्यंत. त्यातला सगळ्यात खालचा आकडा महत्त्वाचा. तो साधारण 80 ते 150 च्या मध्ये असेल तर डोस जमलाय. मांजराला माणसासारखी काटेकोर साखर लागत नाही. रक्तात साधारण 270 च्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते. त्याखाली बहुतेक वेळ राहिली तर पाणी पिणं, वजन उतरणं हे सगळं ताळ्यावर येतं. हे मुद्दाम सांगते, कारण घरात माणसाचा मधुमेह असला की आपण मांजराच्याही उपाशीपोटीच्या 110 च्या मागे लागतो. मन्यासाठी 250 वाईट नाही. 40 मात्र जीवावर बेततं.

आणि माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे. साखर एक दिवस चढलेली राहिली तर फारसं बिघडत नाही, पण खूप खाली गेली तर तासाभरातही जीव जाऊ शकतो. म्हणून शंका आली की इंजेक्शन टाळायचं. दिलं की नाही आठवत नाही? देऊ नका. सुई केसांतून आरपार गेली, औषध बाहेर सांडलं आणि किती आत गेलं कळत नाही? दुसऱ्यांदा भरू नका, पुढच्या वेळी नेहमीचा डोस द्या. (त्या जागी बोट लावून वास घ्या, इन्सुलिनचा औषधी वास लगेच कळतो.) मन्याने खाल्लं नाही किंवा खाल्लेलं ओकून टाकलं? आधी डॉक्टरांना फोन. यासाठीच आधी खाणं, मग इंजेक्शन, हा क्रम ठेवा. इंजेक्शनच्या आधी साखर बघा आणि नवा डोस स्थिरावेपर्यंत 200 च्या खाली आली तर विचारल्याशिवाय देऊ नका. पण एखादी वेळ टाळणं आणि सहा दिवस बंद ठेवणं यात फार अंतर आहे, हेही तितकंच खरं.

त्या दुपारसारखं पुन्हा झालं तर काय करायचं, हे फ्रिजवर चिकटवून ठेवा. साखर उतरायला लागल्याची पहिली खूण झटके नसते. मांजर एकदम भुकेजून मागे लागतं किंवा उलट खाटेखाली जाऊन बसतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, हाक मारली तर शून्यात बघितल्यासारखं बघतं, चालताना मागचा भाग झोकांड्या देतो. काही मांजरांत मात्र यातलं काहीच दिसत नाही आणि मीटरवर 45 येतो. 60 च्या खाली आकडा आला तर मांजर ठणठणीत दिसत असलं तरी लगेच खायला द्या.

शुद्धीवर असेल, गिळत असेल, तर समोर खाणं ठेवा. अशा वेळी ते कोरडे दाणेच उपयोगी पडतात, त्यामुळे एक लहान डबा भरून ठेवा. खात नसेल तर मेडिकलच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात घट्ट कालवून चमचाभर, किंवा मध, गालाच्या आतून हळूहळू चाटवा. मग पुन्हा खाणं. साखरेऐवजी वापरतात त्या शुगर-फ्री गोळ्या किंवा पावडर चुकूनही नको, त्यांनी साखर वाढत नाही. तुमच्या घरात त्या असण्याची शक्यता आहे म्हणून लिहिते.

झटके येत असतील किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. दूधही नाही, पाणीही नाही. ते श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसात उतरतं. शिवाय दुधातली साखर अशा वेळी पुरेशी नसते. ग्लुकोजचं घट्ट मिश्रण किंवा मध बोटाला घेऊन ओठ वर करून हिरड्यांना चोळा. दातांच्या मध्ये बोट घालू नका, झटक्यात जबडा आवळला तर बोट फुटेल. चोळत चोळतच दवाखान्याकडे निघा. तिथे शिरेतून ग्लुकोज मिळालं की मांजर बघता बघता उठून बसतं, हे तुम्ही पाहिलंच आहे.

उठून बसलं म्हणजे संपलं नाही, हे सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. ग्लार्जिन तासन्‌तास काम करत राहतं. दिलेलं ग्लुकोज मात्र लवकर संपतं आणि साखर पुन्हा कोसळू शकते. पंधरा-वीस मिनिटांनी बघा, मग पुढचे काही तास दर तासाला बघा, थोडं थोडं खायला देत राहा. पुढचं इंजेक्शन डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. तुमच्या जवळचा कुठला दवाखाना रात्रीही उघडा असतो, हे आजच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता तो शोधत बसणं शक्य होत नाही.

गोळ्यांचं विचारलंत. मांजरांसाठी दोन नवी औषधं निघाली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बेक्साग्लिफ्लोझिनला डिसेंबर 2022 मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनला 2023 मध्ये मान्यता दिली. पहिलं गोळी, दुसरं तोंडाने द्यायचं द्रव. दोन्ही साखर लघवीवाटे बाहेर काढतात. पण ती मान्यता आधी इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी प्रकृती चांगली असलेल्या मांजरांपुरती आहे. मन्या त्यात बसत नाही. या औषधांवर असताना रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही कीटोन चढू शकतात, त्यामुळे ती सगळ्यांना चालतात असंही नाही. यजमानांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. माणसाच्या गोळीचा तुकडा किती, हा हिशेब घरी होत नाही.

कारल्याचा रस नको, जांभळाच्या बियांची पूडही नको. त्याने मांजराचा मधुमेह आटोक्यात आल्याचा पुरावा नाही. शिवाय कडू रस एकदा जबरदस्तीने पाजला की मांजर त्या हाताचं खाणंही नाकारतं. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडणं फार वाईट. विशेषतः जाड मांजरात अंगावरची चरबी यकृतात साचते आणि यकृतच काम सोडायला लागतं. त्यामुळे वजन उतरवायलाही उपास नाही.

आता एक गोष्ट तुमच्या भीतीवर उतारा म्हणून. मधुमेह झालेलं मांजर काही वेळा पूर्ण इन्सुलिनमुक्त होतं. माणसात इन्सुलिन लागलं की बहुतेकदा कायमचं, म्हणून हे खरं वाटत नाही. निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत साखर नीट आटोक्यात आली, पीठ नसलेलं खाणं आणि उतरलेलं वजन टिकलं, तर स्वादुपिंडाला विसावा मिळतो आणि ते पुन्हा इन्सुलिन बनवायला लागतं. मन्याचं निदान नुकतंच झालंय. हे महिने दवडू नका. त्याला आधी खाजेसाठी वगैरे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का, तेही आठवून डॉक्टरांना सांगा, कारण स्टेरॉइडने मांजरात मधुमेह उफाळतो आणि ते बंद केल्यावर ओसरायची शक्यता असते. असं होताना इन्सुलिनची गरज हळूहळू घटते आणि साखर पुन्हा पुन्हा खाली जायला लागते. म्हणून पुढे कधी नेहमीच्या डोसवर 70-80 दिसायला लागले तर डोस कमी करायची वेळ आली असं समजून लगेच कळवा.

कुपी फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. हलवू नका. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं की टाकून द्या.

आणि गणपती. मन्याला गावी नेऊ नका. प्रवास, गर्दी, फटाके आणि पाहुण्यांनी कौतुकाने पुढे केलेला मोदक, त्याच्यासाठी यातलं काहीच बरं नाही. त्याला त्याच्याच घरात ठेवा आणि शेजारचं किंवा दवाखान्यातलं कुणीतरी दोन वेळा येईल असं बघा. ज्याला जमणार आहे त्याला निदान आठवडाभर आधीपासून बोलवा. पहिले दिवस नुसतं बघू द्या, मग तुमच्यासमोर स्वतः टोचू द्या. सिरिंजवर कुठपर्यंत भरायचं त्या रेघेचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये असू द्या. वहीत चार रकाने आखा: वेळ, साखर, खाल्लं का, किती दिलं. भरल्यावर लगेच फोटो पाठवायचा, म्हणजे दोनदा दिलं जाणार नाही. घरातल्या लाल टोपीच्या सगळ्या सिरिंज तुमच्या यजमानांच्या औषधांबरोबर गावी घेऊन जा, घरात एकही मागे ठेवू नका. मन्या खात नसेल तर टोचायचं नाही, पळून लपला तर ती वेळ सोडून द्यायची. तो लटपटताना दिसला तर आधी ग्लुकोज, मग डॉक्टरांना फोन, आणि तुम्हाला त्यानंतर. गावी फोन लागेलच असं नाही. असं माणूस मिळालं नाही, तर या वर्षी तुमच्यापैकी एकाने घरी थांबा. नवा डोस बसेपर्यंतचे हे पहिले महिनेच नाजूक आहेत.